पोतंभर कादंबऱ्या

सर समुद्राकडं पाठ करून बसले होते आणि त्यांच्या हातात कादंबरी होती. या वाक्यातली एकही गोष्ट मला अजून नीट पटलेली नाही. सर समुद्रावर गेले, असं नुसतं सांगितलं असतं तरी आमच्या गावानं मला वेड्यात काढलं असतं. सर कादंबरी वाचत होते असं सांगितलं असतं, तर गावानं माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं असतं. मी तर दोन्ही एकदम पाहिलं, भर सकाळी, शुद्धीत. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगडीचा वळ उठला.

हे सर म्हणजे आमच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि पुढं त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले म्हणून त्यांच्या हाताखालची शिक्षिका. शाळेच्या फाटकाच्या आत ते मला 'बाई' म्हणायचे आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'पोरी'. एकदा फाटकातच उभं राहून त्यांनी मला एका वाक्यात दोन्ही म्हटलं होतं.

आमचं गाव आळंद तालुक्यातलं, खजुरीच्या पलीकडं, अगदी हद्दीवर. शेतात उभं राहिलं की फोनला महाराष्ट्र लागतो, घरी आलं की कर्नाटक. शाळा मराठी, सरकार कन्नड, बाजारात दोन्ही आणि भांडण लागलं की दखनी. असल्या गावात सरांनी जन्मभर गणित शिकवलं. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन लाल पेनं, सायकलच्या चेनीत अडकू नये म्हणून उजव्या पँटीला रबर. ते रबर ते वर्गातही काढत नसत. लग्नातही नाही.

आणि तोंडात एकच प्रश्न. "परीक्षेला हाय का?"

पोरगं चित्र काढत असलं, की "परीक्षेला हाय का?" पोरगी गाणं गुणगुणत असली, की "परीक्षेला हाय का?" जत्रेत पाळण्याला रांग लावून उभ्या असलेल्या आम्हा पोरांना त्यांनी एकदा तेच विचारलं, आणि आम्ही खरोखर रांग सोडून घरी गेलो. एकदा आळंदच्या बसमध्ये शेजारी बसलेले एक अनोळखी गृहस्थ कादंबरी वाचत होते. सरांनी थोडा वेळ कळ काढली. मग वाकून विचारलंच, "परीक्षेला हाय का?" त्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. तासाभरानं ते आमच्याच शाळेच्या फाटकातून आत आले. शाळा तपासायला आलेले साहेब होते ते. आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सर मात्र दिवसभर खूश होते. "साहेबाला पटलं म्हनून तर मिटला की पुस्तक," असं ते आम्हाला समजावत होते.

कादंबरीवर त्यांचा विशेष राग. भूगोलाच्या नकाशावहीत, स्वेटरच्या आत, डब्याच्या पिशवीत, कुठंही लपवा, सरांना वास यायचा. पुस्तक हिसकून घेत, पहिल्या पानावर लाल पेनानं पोराचं नाव आणि इयत्ता लिहीत आणि म्हणत, "गेलं बंबात." सरांच्या घरामागं अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. त्यातून धूर निघाला की आम्ही पोरं ओळखायचो, आज कुणाची तरी नायिका पेटली. माझीही एक पेटली होती, नववीत. ती घर सोडून स्टेशनावर येऊन उभी होती आणि गाडीला सिग्नल पडला होता, तेवढ्यात सरांचा हात आला. मी आठवडाभर त्यांच्या नावानं बोटं मोडली.

पण माणूस दुष्ट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचाच जास्त राग यायचा. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. वस्तीवरून शाळेत आलेले सर पहिलेच. दहावीच्या निरोपाला ते दर वर्षी एकच भाषण करत. "तिकडं गेलाव की तुमाला कानडी म्हनतेत. हितं ऱ्हायलाव की मराठे म्हनतेत. दोनीकडं तुमचं कोन न्हाई. मार्काला मात्र कोन काय म्हनत न्हाई." एकदा मी, शिक्षिका झाल्यावर, जरा धीर करून म्हटलं, "सर, पोरांनी थोड्या गोष्टी वाचल्या तर काय बिघडतं?" ते म्हणाले, "मेंढरं राखनाऱ्याला गोष्टी रग्गड येतेत, पोरी. माझ्या बापाला शंभर यायच्या. दहावी येत नव्हती."

माझ्या लग्नात त्यांनी आहेर केला तो कन्नड व्याकरणाचा. नवरा उमरग्याकडचा, त्याला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. "जावयाला लागंल," म्हणाले आणि जेवून निघून गेले. नवऱ्यानं ते पुस्तक अजून जपून ठेवलंय, उघडलेलं नाही.

आता त्यांच्या लेकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं. सरांना एकच लेक. ती माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. सरांची बायको ती लहान असतानाच गेली. बाप-लेक दोघंच घरात, आणि लेक वाचण्यासाठी जीव टाकणारी. मार्क भरपूर मिळवायची, त्यामुळं सरांना काही बोलता येत नसे. कलबुर्गीला सायन्सला घातलं, तिथंही मिळवले. पण बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर सुट्टीला घरी आली असताना घरात काहीतरी झालं. काय झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. तिनं परीक्षा दिली, पास झाली आणि सरांनी इंजिनीयरिंगचा अर्ज आणून ठेवला होता तो तसाच टाकून सोलापूरला मराठी शिकायला निघून गेली. तेव्हापासून ती गावात आली नाही, आणि सर तिच्याकडं गेले नाहीत. माझ्या लग्नाला तिनं यावं म्हणून मी किती विनवलं! "अप्पा असतील ना?" एवढंच म्हणाली.

ती मोठी झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि मागच्या वर्षी तिची कादंबरी आली. मला तिनं एक प्रत पाठवली. मी रात्री हातात घेतली, पहिलं वाक्य वाचलं आणि पुस्तक पालथं घातलं. पहिलंच वाक्य असं होतं: 'माझे वडील वारले, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.' पुढं सगळी कादंबरी त्या पोरीच्या सुटकेची. कादंबरी फार चांगली होती. मी ती कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि शाळेत कुणाला बोलले नाही. सरांना कळलं तर काय होईल, या धास्तीनं माझे कित्येक दिवस गेले.

मग यंदाची मे महिन्याची सुट्टी आली. सर महिनाअखेरीला रिटायर होणार होते. आम्ही स्टाफनं ठरवलं, टेंपो ट्रॅव्हलर करून गोकर्णाला जाऊ. महाबळेश्वराचं दर्शन आहे म्हणून सर कदाचित हो म्हणतील, आणि समुद्र आहे म्हणून आम्हाला आवडेल. कलबुर्गीच्या उन्हात भाजून निघालेल्या माणसाला समुद्र म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. सर हो म्हणाले. पहिला धक्का तो. निघायच्या दिवशी युरियाच्या जुन्या पोत्यात काहीतरी गच्च भरून, सुतळीनं तोंड शिवून ते सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आले. ते उचलायला दोघं लागले.

"सर, काय हाय ह्याच्यात?" अक्कांनी विचारलं.

"कडक भाकरी," सर म्हणाले.

समुद्र पाहिल्यावर आमच्यातले अर्धे कपड्यांसकट पाण्यात. सरांनी देवदर्शन केलं, आल्या पावली परत फिरले, सुरूच्या झाडाखाली सतरंजी टाकली, पोत्याची सुतळी उसवली आणि आतून कादंबरी काढली. मग दुसरी. मग तिसरी. आम्ही बघतोय तर काढतच आहेत. त्यांनी त्यांची उतरंड लावली, लाल पेन कानावर ठेवलं, समुद्राकडं पाठ केली आणि वाचायला लागले.

मी ओल्या साडीनं तशीच पुढं गेले. वरचं पुस्तक उचललं. पहिल्या पानावर लाल अक्षरात एका मुलाचं नाव, आठवी. तो मुलगा आता कोळारच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याला टक्कल पडलंय. दुसरं पुस्तक, दुसरं नाव.

"सर, हे तर तुमी बंबात घालत हुताव!"

"लोकाच्या लेकराचं पुस्तक कसं जाळू?" सर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले. "बापानं पैशे देऊन घेतलेलं असतंय. बंबात कापसाच्या पळाट्या घालत हुतो."

"मग वाचायलाव कामून आता?"

"ऱ्हायलंय म्हनून. सुट्टी हाय की."

त्यांनी उतरंडीतून एक पुस्तक ओढून माझ्यापुढं धरलं. पहिल्या पानावर माझं नाव होतं, नववी अ. "तुझं हाय. झालं माझं. ती गाडीत बसती आनी शेवटाला घरीच येती. उगंच पळाली."

इतकी वर्षं मी त्या मुलीला गाडीत बसवून कुठंकुठं पाठवलं होतं! सरांनी एका वाक्यात तिला घरी आणून सोडलं. मला हसावं की त्यांच्या अंगावर वाळू टाकावी कळेना.

ते वाचत कसे होते, तेही पाहण्यासारखं होतं. उत्तरपत्रिका तपासावी तशी कादंबरी तपासत होते. समासात लाल रेघा, प्रश्नचिन्हं, शेवटच्या पानावर मार्क. "ह्यो लेखक बघ," म्हणाले, "मागच्या पानावर पावसाळा, आनी हितं मानसं हिरव्या कैऱ्या पाडायलेत. मार्क कापलो." दुसऱ्या एका पुस्तकात नवऱ्याला सोडून निघालेली बाई होती. सर अस्वस्थ होऊन तीनदा उठले आणि बसले. "ही चाललीय आनी लेखक एक शब्द बोलंना! त्यानं तरी अडवायचं की!"

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. एकदम सरांची आरोळी आली.

"पोरी! ती मेली! अगं, मेली ती!"

अक्कांच्या हातातलं ताट खाली पडलं. "अय्यो! यारु? कोण मेली?" आम्ही सगळे उष्ट्या हातानं पळालो. आम्हाला पळताना बघून किनाऱ्यावरची माणसं पळाली. शिट्टी वाजवत एक जीवरक्षक आला आणि थेट पाण्यात शिरला. सर सुरूखाली उभे, पुस्तक छातीशी धरलेलं, चेहरा पांढराफटक.

"कोण मेली, सर?"

"ह्यातली. ती मास्तरीन. साधा ताप आला आनी दोन पानात गेली. एवढ्या चांगल्या बाईला असं मारतेत का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. जीवरक्षक निथळत बाहेर आला आणि कन्नडमध्ये विचारायला लागला, कोण बुडालं? सरांनी त्याला खाली बसवून त्या मास्तरणीची सगळी कथा पहिल्यापासून कन्नडमध्ये सांगितली. आमच्याकडं प्रत्येकालाच दोन भाषा येतात. पण सरांना गोष्ट सांगता येते, हे मला त्या दिवशी कळलं. रंगवून सांगत होते. सांगता सांगता त्यांचा आवाज चिरकला. तो पोरगा शिट्टी तोंडात धरून शेवटपर्यंत ऐकत बसला आणि जाताना म्हणाला, डॉक्टरला लवकर दाखवायला पाहिजे होतं. सर म्हणाले, "तेच म्हनायलोय मी."

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. उतरंड बरीच कमी झाली होती. तळाशी एक पुस्तक होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घातलेलं. मी उचलून उघडलं. ती त्यांच्या लेकीची कादंबरी होती.

"तुमाला कुठं मिळाली?"

"इकत घेतलो. कलबुर्गीला ट्रेनिंगला गेलतो, तिथं एक जन म्हनला, तुमच्या लेकीचं पुस्तक लई चांगलं हाय, वाचलाव का? मी व्हय म्हनलो. लबाड बोललो." त्यांनी खाकी कव्हरचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "मग घेतलो. पर मला कुठं येतंय कादंबरी वाचायला? जन्मात वाचली न्हाई. एकदम अवघड गनिताला हात घालत नसतेत, पोरी. आदी सोपी सोडवायची. म्हनून ही सगळी आनलो. उद्या ते घेनार."

पोतंभर कादंबऱ्या म्हणजे यांचा सराव होता. लेकीचं एक पुस्तक वाचता यावं म्हणून हा माणूस आमची सगळ्यांची पुस्तकं एकापाठोपाठ सोडवत सुटला होता. मला एवढा धक्का आयुष्यात बसला नाही. आणि त्या पुस्तकाचं पहिलं वाक्य मला पाठ होतं.

"सर, हे ऱ्हाऊ द्या की," मी म्हटलं. "घरी जाऊन वाचा निवांत. उद्या समुद्रात पाय तरी भिजवा."

"कामून? तू वाचलीस?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी होय म्हणून मान हलवली. सरांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. वर्गात पोरानं उत्तर चुकवलंय की लपवलंय, हे ते असंच बघून ओळखायचे.

"मी हाय त्येच्यात?"

मी सतरंजीवरची वाळू झटकायला लागले.

"असू दे," सर म्हणाले. "एक पुस्तक मी जाळलोय, पोरी. खरंच जाळलो. तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, तिच्या हातातलं. ते घरचं हुतं, माझ्याच पैशाचं, म्हनून जाळलो. ती बंबासमोर बसून बघत हुती."

मला रडू आलं. मी तिथून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी चहा घेतला, चष्मा पुसला आणि खाकी कव्हर उघडलं. अक्का आणि मी लांब, भेळेच्या गाड्याच्या आडोशाला उभ्या. अक्कांना मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. त्या कन्नडमध्ये देवाचं नाव घेत होत्या. सरांनी पहिलं पान वाचलं. तिथंच थांबले. पुस्तक मांडीवर ठेवलं, चष्मा काढला, परत लावला. परत तेच पान. त्यांचा हात कानावरच्या लाल पेनाकडं गेला, आणि त्यांनी ते पेन खिशाला लावून टाकलं. मग पान उलटलं.

ते जेवायला आले नाहीत. कुणी बोलवायला गेलं नाही. ऊन सुरूच्या सावलीत शिरलं तेव्हा त्यांनी सतरंजी ओढली आणि परत समुद्राकडं पाठ करून बसले. चार वाजून गेल्यावर पुस्तक मिटून ते आमच्याकडं आले. डोळे लाल, पण चेहरा शाळेतलाच.

"तिचा नंबर हाय का तुझ्याकडं? लाव."

मी नंबर लावला. फोन लागला. मी तो स्पीकरवर टाकून सरांच्या हातात दिला, कारण त्यांना फोन कानाला धरून कधी ऐकू येत नाही.

"बोल गं!" तिचा आवाज आला. तिला वाटलं मीच आहे.

"मी बोलायलोय."

मग अगदी बारीक आवाजात, "अप्पा?"

"व्हय. पुस्तक वाचलो तुझं."

"कुठलं पुस्तक?"

"तुझंच की. कादंबरी. समदी वाचलो. एक इचारायचं हुतं." सरांनी घसा साफ केला. "त्यो बाप कशानं गेला? पयल्याच ओळीला गेलाय, पर कशानं ते कुठंच न्हाई. मी परत परत बघितलो."

लाटांचा आवाज एवढा होता की मला वाटलं तिला ऐकू गेलं नसावं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "लिहायला घेतलं होतं, अप्पा. पण लिवताच येईना मला. मग सोडून दिलं."

सर फोनकडं बघत राहिले.

"सोडलीस ते बरं केलीस," म्हणाले. "मी हाय अजून. रयवारी ये गावाकडं."

मग ती घाईघाईनं म्हणाली, "अप्पा, शेजारी हाय का ती? तिच्याकडं द्या जरा." मी फोन घेतला आणि स्पीकर बंद करून कानाला लावला. ती एका दमात विचारत सुटली. "अप्पाला काय झालंय? खरं सांग मला. दवाखान्यात हायत का? डॉक्टर काय म्हनायलेत?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "धडधाकट हायत. समुद्रावर आलोय आमी. सुट्टीत कादंबऱ्या वाचायलेत."

त्यावर ती जी रडायला लागली ती थांबेना. मी नुसती फोन धरून उभी.

"काय म्हनायली?" सरांनी विचारलं.

"रडायलीय, सर."

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग अक्कांकडं. एवढे गोंधळलेले सर मी कधी पाहिले नव्हते.

"कामून?" ते म्हणाले. "मी तर ये म्हनलो."